हनुवटीवर राठ केस येतायत? पार्लरच्या आधी पाळीच्या तारखा तपासा

उन्हाळ्यात तोंडाला स्कार्फ बांधून कॉलेजला जाणाऱ्या मुली आपल्याकडं रोज दिसतात. त्यात वावगं काही नाही. पण एखादी मुलगी एसटीतून उतरून वर्गात बसली तरी स्कार्फ सोडत नाही, लग्नात फोटोची वेळ आली की मागं सरकते, आणि दर आठ दिवसांनी न्हाणीघराची कडी लावून भावाचा रेझर वापरते. अशा वेळी घरातल्यांनी तिला रागावण्याआधी दोन गोष्टी विचारायच्या असतात. पाळी वेळेवर येते का? आणि हे केस कधीपासून वाढले?

एप्रिल २०२४ मध्ये उत्तर प्रदेश बोर्डाच्या दहावीत राज्यात पहिल्या आलेल्या मुलीचा फोटो सगळीकडं फिरला. लोकांनी तिचे ९८.५ टक्के बाजूला ठेवले आणि ओठावरचे केस मोजले. गावात तर फोटो व्हायरल व्हायची गरजही नसते. पाणवठ्यावरची एक कुजबुज आणि बघायला आलेल्या पाहुण्यांची एक नजर पुरते. त्यामुळं मुली हा त्रास आईलाही सांगत नाहीत, आणि साध्या तपासणीत सापडणारा आजार पाच-सात वर्षं तसाच राहतो.

लव वेगळी, राठ केस वेगळे

तळहात, तळपाय आणि ओठ सोडले तर माणसाच्या जवळजवळ सगळ्या अंगावर केस असतात. बाईच्या गालावर, हातावर असते ती लव: बारीक, मऊ, फिक्या रंगाची. ती कुणाला जास्त, कुणाला कमी. आईच्या, आत्याच्या हातावर दाट लव असेल तर मुलीच्याही असते, आणि तो काही आजार नाही.

पुरुषाला जिथं दाढी-मिशा, छातीवरचे केस येतात त्या जागी बाईला जाड, काळे, राठ केस येऊ लागले की गोष्ट वेगळी. वरचा ओठ, हनुवटी, छाती, बेंबीच्या वरची-खालची रेघ, पाठ, कंबर, मांड्या, दंड या त्या जागा. डॉक्टर याला हर्सुटिझम म्हणतात. अशा नऊ जागा ठरलेल्या आहेत. प्रत्येक जागेला शून्य ते चार गुण द्यायचे, एकूण ३६. ही मोजणी १९६१ पासून वापरात आहे. साधारण आठ किंवा त्याहून जास्त गुण आले की तपासणी करावी असं धरतात. समाजागणिक हा आकडा थोडा कमी-जास्त धरला जातो. पाळी बिघडलेली असेल तर गुण कमी असले तरी तपासणी टाळू नये.

बऱ्याच जणी दवाखान्यात जाण्याच्या आदल्या दिवशी थ्रेडिंग करून जातात. मग डॉक्टरला चेहरा स्वच्छ दिसतो आणि "काही नाही, घाबरू नका" असं ऐकून बाई परत येते. लाज वाटते हे खरं, पण एक तर दोन-तीन आठवडे केस तसेच राहू द्या, नाहीतर आधी मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा आणि तो दाखवा.

केस कुठून येतात?

ज्याला आपण पुरुषी हार्मोन म्हणतो ते अँड्रोजन बाईच्या अंगातही असतंच, फक्त थोडं. ते बीजकोशात आणि मूत्रपिंडाच्या वर टोपीसारखी बसलेली जी ग्रंथी असते तिच्यात तयार होतं. त्याचं प्रमाण वाढलं, किंवा प्रमाण ठीक असूनही कातडीतली केसांची मुळं त्याला जास्त दाद देऊ लागली, की लवेचा राठ केस होतो. एकदा असं मूळ राठ झालं की हार्मोन ताब्यात आलं तरी ते सहसा पुन्हा लवेसारखं मऊ होत नाही. "गोळ्या खाल्ल्या पण केस गेलेच नाहीत" या तक्रारीमागं बऱ्याचदा हेच असतं. गोळ्या नवीन केस रोखतात, जुने बारीक करतात. आधी आलेले केस काढावेच लागतात. दोन्ही उपाय बरोबर चालतात.

हार्मोन वाढण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे पीसीओएस. आपल्याकडं लोक पीसीओडी म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे पाळी येण्याच्या वयातल्या शंभर बायकांपैकी साधारण ८ ते १३ जणींना हा त्रास असतो, आणि त्यातल्या ७० टक्क्यांपर्यंत बायकांना तो आहे हे माहीतच नसतं. १९३५ साली अमेरिकेतल्या स्टाइन आणि लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं, म्हणजे आजार मोबाईलच्या किंवा पिझ्झाच्या जमान्यातला नाही.

निदानासाठी तीन गोष्टी बघतात. पाळी लांबणं किंवा चुकणं, अँड्रोजन जास्त असल्याची लक्षणं (राठ केस, हट्टी मुरुमं, डोक्यावरचे केस विरळ होणं) किंवा रक्तातलं वाढलेलं प्रमाण, आणि सोनोग्राफीत बीजकोशात दिसणारे बरेच छोटे फुगे. मोठ्या बाईत तीनपैकी दोन असल्या आणि दुसरं कारण सापडलं नाही, तर पीसीओएस धरतात.

आता या फुग्यांबद्दल. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'सिस्ट' शब्द दिसला की घरात रडारड सुरू होते. पोरीच्या पिशवीला गाठी झाल्या, ऑपरेशन करावं लागणार, मूल होणार नाही. तसं नाही. त्या गाठी नव्हेत. पूर्ण न पिकलेली, अर्ध्यावर थांबलेली बीजं पाण्याच्या छोट्या फुग्यासारखी दिसतात. ती कॅन्सरची नसतात, ती काढायची नसतात, आणि गर्भपिशवीशी तर त्यांचा संबंधच नाही. पाळीच्या तक्रारीसाठी तिशी-पस्तिशीत गर्भपिशवी काढून टाकण्याचे सल्ले आपल्या भागात सहज दिले जातात, म्हणून हे स्पष्ट लिहितोय: केसांसाठी किंवा पीसीओएससाठी पिशवी काढणं हा इलाज नाही. हार्मोन बनतं बीजकोशात. पिशवी काढल्यावर पाळी थांबेल, हनुवटीवरचे केस नाही थांबणार.

वयात येणाऱ्या मुलींच्या बाबतीत आणखी एक. पाळी सुरू झाल्यावर पहिली आठ वर्षं निरोगी मुलीच्या बीजकोशातही असे बरेच फुगे दिसू शकतात. म्हणून या वयात फक्त सोनोग्राफीवरून पीसीओडीचा शिक्का मारू नये असं २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. मुलीची पाळी आणि लक्षणं बघूनच ठरवतात. आणि सोनोग्राफी करायचीच झाली तर अविवाहित मुलीची पोटावरून, भरपूर पाणी पाजून करतात. आतून करतील या भीतीनं कितीतरी आया मुलीला घेऊनच जात नाहीत, म्हणून सांगितलं.

मानेवरचा काळपटपणा मळ नसतो

पीसीओएसमध्ये बऱ्याच जणींच्या अंगात इन्सुलिन नीट लागू पडत नाही. शरीर मग ते जास्त बनवतं, आणि हे जास्तीचं इन्सुलिन बीजकोशाला अँड्रोजन बनवायला आणखी जोर देतं. याची खूण बाहेर दिसते. मानेची मागची बाजू, काखा काळ्या, जाडसर, मखमलीसारख्या होतात, बारीक चामखिळी येतात. आई म्हणते नीट घासून अंघोळ कर. घासून घासून सालटं निघतात, काळेपणा जात नाही, कारण तो मळ नाहीच. मान अशी काळी, पाळी दोन-दोन महिने लांबते आणि हनुवटीवर केस, असं तिन्ही एकत्र दिसलं तर रक्तातली साखर तपासून घ्या. पुढं डायबेटिस होण्याचा धोका या बायकांना जास्त असतो.

सगळ्याच जाड असतात असंही नाही. दिवसभर खुरपणी करणारी काटक बाईसुद्धा पीसीओएसची पेशंट असू शकते. "तू तर बारीक आहेस, तुला कसला पीसीओडी" हे ऐकून मागं फिरू नका.

काही जणींच्यात पाळी अगदी वेळेवर, रक्ताचे रिपोर्ट साफ, तरी केस. तिथं मुळंच जास्त संवेदनशील असतात. अँड्रोजन बनवणाऱ्या त्या टोपीसारख्या ग्रंथीचा जन्मजात सौम्य दोषही असू शकतो, त्यासाठी वेगळी रक्तचाचणी आहे. औषधांचाही हात असतो. फिट्सच्या काही गोळ्या, सांधेदुखीसाठी महिनोन्‌महिने घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या, डोक्याचे केस वाढवायचं औषध कपाळावरून गालावर ओघळणं. फिट्सची गोळी मात्र स्वतःच्या मनानं कधीच बंद करू नका, डॉक्टरला विचारूनच बदल करायचा. पाळी जाण्याच्या वयात हनुवटीवर चार-दोन राठ केस येणं हेही नेहमीचंच.

धोक्याची खूण एकच लक्षात ठेवा, वेग. पीसीओएसचे केस वयात आल्यापासून हळूहळू, वर्षावर्षानं वाढतात. दोन-चार महिन्यांत झपाट्यानं वाढ झाली, आवाज पुरुषासारखा घोगरा झाला, पुरुषासारखं टक्कल पडू लागलं, पाळी एकदम बंद झाली, लघवीच्या जागेवरचा दाणा मोठा झाला, तर बीजकोशात किंवा त्या ग्रंथीत गाठ असू शकते. हे क्वचित होतं, पण त्यात थांबायचं नाही, त्याच आठवड्यात जिल्हा रुग्णालय गाठायचं.

मलम लावण्याआधी ट्यूब उलटी करून वाचा

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते इथं. मेडिकलमधून आणलेलं, शेजारणीनं सांगितलेलं, "चेहरा उजळतो" म्हणून लावलेलं मलम. ट्यूबवर बारीक अक्षरात बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यातलं काही लिहिलेलं असेल तर ते स्टेरॉइड आहे. पहिले पंधरा दिवस चेहरा खरंच गोरा दिसतो. मग कातडी पातळ होते, लाल रेषा उठतात, मुरुमं येतात, उन्हात आग होते आणि चेहऱ्यावर केस वाढतात. म्हणजे ज्या केसांसाठी लावलं तेच वाढतात. थांबवलं की आग दुपटीनं होते, म्हणून बाई पुन्हा लावते. अशा मलमांना २०१८ पासून डॉक्टरांची चिठ्ठी लागते. प्रत्यक्षात काउंटरवर काय चालतं ते वाचकांना माहीत आहे. अक्षरं वाचता येत नसतील तर मोबाईलनं फोटो काढून मोठा करा. लावत असाल तर एकदम न सोडता चर्मरोग डॉक्टरला दाखवून सोडा.

केस काढायला हरताळ आणि चुन्याचा लेप लावायची जुनी पद्धत काही घरांत अजून आहे. हरताळात आर्सेनिक असतं, म्हणजे विष. तो नकोच. हळद-बेसनाच्या उटण्यानं चेहरा चांगला राहतो, राठ केसाचं मूळ मरत नाही. व्हॉट्सॲपवर पुदिन्याच्या चहाचा मेसेज फिरत असतो. छोट्या चाचण्यांत त्यानं हार्मोनच्या आकड्यात थोडा फरक पडलेला दिसला, पण महिनाभरात केसांत फरक दिसला नाही. प्यायचा तर प्या, फक्त दोन-दोन चमचे साखर घालून नको.

आणि रेझर. "वस्तरा लावला की केस जाड येतात" हे प्रत्येक आजी सांगते. १९२८ साली अमेरिकेत मिल्ड्रेड ट्रॉटर या बाईंनी हे मोजून बघितलं. दाढी केल्यानं केस ना जाड होतो, ना लवकर वाढतो. कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं म्हणून तो हाताला खरखरीत लागतो, एवढंच. स्वतःचा, स्वच्छ, धारदार रेझर वापरून केस काढणं हा स्वस्त आणि बिनधोक उपाय आहे. वॅक्स आणि थ्रेडिंग चालतं, पण हनुवटीवर वारंवार उपटलं की पुळ्या होतात, केस आतल्या आत वळतात, काळे डाग राहतात. मग लोक डागांसाठी मलम आणतात आणि पुन्हा वरच्याच फेऱ्यात अडकतात. ब्लीच लावायचं असेल तर आधी कानामागं थोडं लावून एक दिवस बघा.

लेझरबद्दल जाहिरातीत "कायमचे केस गायब" लिहितात. खरं तर केस बराच काळ कमी आणि बारीक होतात, कायमचे सगळे जात नाहीत. एका बैठकीत भागत नाही, महिना-दीड महिन्याच्या अंतरानं सहा-आठ वेळा जावं लागतं, पुढंही अधूनमधून. हार्मोनचा इलाज न करता नुसतं लेझर केलं तर नवीन केस येत राहतात आणि पैसे वाया जातात. लेझर केसाचा काळा रंग धरून काम करतं, त्यामुळं पांढऱ्या केसांवर चालत नाही. आपली सावळी कातडी भाजू नये म्हणून योग्य मशीन आणि हात लागतो. तालुक्याच्या ठिकाणी ऑफर लावलेल्या पार्लरपेक्षा चर्मरोग डॉक्टर बरे. उन्हात काम करून कातडी रापलेली असताना लेझर करू नये. सुगी संपल्यावर, थंडीत करावं.

गोळ्या आणि घरातला संशय

डॉक्टर बहुतेक वेळा पहिल्यांदा देतात त्या गर्भनिरोधक गोळ्या. त्या अँड्रोजन कमी करतात आणि पाळी वेळेवर आणतात. अडचण अशी की पाकिटावर 'गर्भनिरोधक' लिहिलेलं असतं. लग्न न झालेल्या मुलीच्या बॅगेत ते पाकीट सापडलं की घरात काय होतं, हे वेगळं सांगायला नको. म्हणून आईनं, जमलं तर वडिलांनीही डॉक्टरसमोर बसून विचारून घ्यावं की ही गोळी कशासाठी आहे. ही मुलीच्या चारित्र्याची नाही, हार्मोनची गोळी आहे. या गोळ्यांनी पुढं मूल होत नाही हीसुद्धा अफवाच. गोळी थांबवली की बीज पुन्हा तयार होऊ लागतं. मात्र ब्लड प्रेशर, अर्धशिशी, पायात रक्ताची गुठळी झाल्याचा इतिहास, बिडी-सिगारेट यातलं काही असेल तर आधी सांगा. मैत्रिणीची गोळी बघून स्वतः सुरू करू नका.

सहा महिन्यांत पुरेसा फरक दिसला नाही तर स्पायरोनोलॅक्टोनसारखी गोळी जोडतात. ती चालू असताना दिवस राहता कामा नयेत, पोटातल्या मुलग्याच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. लग्न ठरलं असेल किंवा मूल हवं असेल तर हे डॉक्टरला स्वतःहून सांगा. मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी इन्सुलिनसाठी आणि पाळीसाठी उपयोगी, केसांवर तिचा परिणाम फारसा नाही.

सहा महिने हा आकडा महत्त्वाचा. केसाचं आयुष्यच काही महिन्यांचं असतं, जुना गळून नवा यायला वेळ लागतो. दीड महिन्यात "गुण नाही" म्हणून डॉक्टर बदलणाऱ्या बायका तीन-तीन दवाखाने फिरतात आणि कुठलाच इलाज पुरा होत नाही.

वजन जास्त असेल तर पाच ते दहा टक्के कमी केलं तरी पाळीत फरक पडतो. ७० किलोच्या बाईनं साडेतीन ते सात किलो. त्यासाठी ओट्स नि प्रोटीन पावडर आणायची गरज नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, मटकी, हुलगा, पालेभाजी आपल्या घरात आहेच. दिवसाचे चार-पाच कप गोड चहा, बिस्किटांचा पुडा आणि आठवड्याला तीन उपास धरून खाल्लेली साबुदाण्याची खिचडी, हिशेब इथं चुकतो.

पाळी तीन महिने नाही आली तर

केसांची लाज वाटते म्हणून तेवढंच लक्षात राहतं. पण खरा धोका पाळीत आहे. ती महिनोन्‌महिने येत नसेल तर पिशवीचं आतलं अस्तर जाड होत जातं, आणि वर्षानुवर्षं असं चाललं तर तिथं कॅन्सरचा धोका वाढतो. म्हणून तीन महिने पाळी नाही आली तर आधी दिवस गेलेत का ते तपासा, नसतील तर दवाखान्यात जा. मूल होण्याबद्दल सांगायचं तर पीसीओएस असलेल्या बहुतेक बायकांना मूल होतं. काहींना बीज तयार होण्यासाठी थोडे दिवस गोळ्या लागतात. "हिला पीसीओडी आहे" म्हणून सोयरीक मोडणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं. सांगायची जबाबदारी मुलीवर टाकू नये.

जायचं कुठं?

ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातल्या स्त्रीरोग ओपीडीला. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपर आणि तपासणीला पैसे लागत नाहीत. १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात वेगळी क्लिनिकं आहेत, ती कुठं आणि कोणत्या वारी असतात हे आशाताईंना विचारा. प्रवास जमत नसेल तर ई-संजीवनीवर मोबाईलवरून डॉक्टरशी मोफत बोलता येतं. हार्मोनच्या काही चाचण्या बाहेरून कराव्या लागल्या तर सगळी यादी एकदम करू नका, आधी कुठली गरजेची ते डॉक्टरला विचारा. रक्त शक्यतो सकाळी, पाळी येत असेल तर दुसऱ्या ते पाचव्या दिवशी देतात. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर रिपोर्ट चुकीचा येतो, ते आधी सांगा. जेनेरिक गोळ्या जनऔषधी केंद्रात स्वस्त मिळतात. मुलगी खोलीतून बाहेर येत नसेल, जेवण सोडलं असेल, जगण्याबद्दल निराश बोलत असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर दिवस-रात्र मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

जाताना सोबत न्यायचं: मागच्या सहा महिन्यांच्या पाळीच्या तारखा कॅलेंडरवर खूण करून, केसांचे फोटो, चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं आणि ती मलमाची ट्यूब. संपलेली असली तरी न्या.